सोडतीतून निवडलेले दीडशे जण

१७ नोव्हेंबर २०१८ रोजी शनिवार होता. त्या दिवशी फ्रान्समध्ये ठिकठिकाणच्या चौकांत, रस्त्यांवर आणि टोलनाक्यांवर पिवळी जाकिटे घातलेली माणसे येऊन उभी राहिली. सरकारी आकड्यानुसारच त्यांची संख्या २ लाख ८० हजारांच्या घरात होती. ही जाकिटे कोणी मुद्दाम शिवून घेतलेली नव्हती. गाडी रस्त्यात बंद पडली तर अंगावर चढवता यावे म्हणून प्रत्येक गाडीत असे चमकदार जाकीट ठेवण्याची तिथे कायद्याने सक्ती आहे. सरकारने सक्तीने ठेवायला लावलेल्या वस्तूचेच लोकांनी सरकारविरुद्ध निशाण केले!

निमित्त झाले इंधनावरच्या कराचे. हवामान बदल रोखायचा तर तेल जाळणे कमी व्हायला हवे, आणि ते कमी व्हावे म्हणून ते महाग करावे, असा सरकारचा हिशेब. १ जानेवारी २०१९ पासून डिझेलवरचा कर लिटरमागे साडेसहा सेंटने आणि पेट्रोलवरचा जवळजवळ तीन सेंटने वाढणार होता. कागदावर हिशेब चुकीचा नव्हता. पण पॅरिसमध्ये राहणाऱ्याला मेट्रो आहे. खेड्यात राहून तीस-चाळीस किलोमीटरवर कामाला जाणाऱ्या माणसाला जुनी डिझेल गाडी सोडली तर दुसरे काय आहे? तुम्हाला जगाच्या अंताची काळजी आहे आणि आम्हाला महिनाअखेरीची, असे ही माणसे म्हणत होती. पर्यावरणाला त्यांचा विरोध नव्हता. आपल्याला न विचारता आपल्या खिशात हात घातला, हा राग होता.

डिसेंबरात सरकारने माघार घेतली आणि ती करवाढ रद्द केली. आता अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्यापुढे पेच उभा राहिला. कर लावावा तर लोक रस्त्यावर, न लावावा तर हवामानाचे काय? यातून मार्ग म्हणून पुढे जो प्रयोग झाला, त्याची हकीकत आज सांगायची आहे. आपल्याकडे त्याची फारशी चर्चा झाली नाही. पण सामान्य माणसाला राज्यकारभारात कितपत विचारावे, आणि विचारले तर पुढे काय करावे, या जुन्या प्रश्नाचे ते अलीकडच्या काळातले फार चांगले उदाहरण आहे.

पहिली पायरी म्हणून १५ जानेवारी ते १५ मार्च २०१९ या दोन महिन्यांत देशभर 'महाचर्चा' झाली. गावोगावी सभा भरल्या. नगरपालिकांच्या कचेऱ्यांत कोऱ्या वह्या ठेवण्यात आल्या. ज्याला जे गाऱ्हाणे मांडायचे असेल ते त्याने त्यात लिहावे. फ्रान्सचा इतिहास ज्याने थोडाफार वाचला आहे त्याला इथे थबकायला होईल. १७८९ साली सोळाव्या लुईने, १६१४ नंतर प्रथमच, तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची सभा बोलावली, तेव्हाही गावोगावी अशाच गाऱ्हाण्यांच्या वह्या लिहून घेतल्या होत्या. मे महिन्यात सभा भरली, आणि जुलैत बास्तीय पडले. राज्यक्रांतीची कारणे पुष्कळ आहेत, ती काही वह्यांमुळे झाली नाही. पण लोकांना त्यांचे दुःख लिहायला सांगितले की ते वाचण्याची आणि त्यावर काही करण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर येते, एवढा बोध त्या वह्यांतून घेता येतो.

याच सुमारास आंदोलनातले काही जण आणि चित्रपट दिग्दर्शक सिरिल दियाँ यांच्यासारखे काही पर्यावरणवादी एकत्र आले. त्यांनी मागणी केली, की सामान्य नागरिकांची एक सभा भरवा आणि तिला विचार करायला वेळ द्या. २५ एप्रिल २०१९ रोजी मॅक्रॉन यांनी ती मान्य केली. दीडशे नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले जातील. हवामानासाठी काय करावे ते तेच सांगतील. आणि त्यांच्या शिफारशी कोणतीही गाळणी न लावता संसदेपुढे ठेवल्या जातील, जनतेच्या सार्वमताला टाकल्या जातील किंवा थेट सरकारी आदेशाने लागू होतील. 'गाळणी न लावता' हा शब्दप्रयोग त्यांचा स्वतःचा. वाचकांनी तो ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

कारभारी सोडतीने निवडायचे, ही कल्पना आज आपल्याला चमत्कारिक वाटते. सोडत म्हटली की आपल्याला घरांची सोडत आठवते, नाहीतर महापालिकेच्या निवडणुकीआधी निघणारी प्रभागांच्या आरक्षणाची. पण ही पद्धत फार जुनी आहे. प्राचीन अथेन्समध्ये पाचशे जणांचे मंडळ दरवर्षी सोडतीने निवडले जाई आणि त्यासाठी खाचा पाडलेले दगडी यंत्र वापरीत. निवडणुकीने माणसे नेमणे हे मूठभरांच्या राज्याचे लक्षण आणि सोडतीने नेमणे हे लोकशाहीचे, असा विचार ॲरिस्टॉटलने मांडून ठेवला आहे.

इतक्या दूर जायचेही कारण नाही. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. तिथल्या मंदिराच्या भिंतीवर चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातले, इसवी सन ९२०च्या आसपासचे शिलालेख आहेत. गावाचे तीस वाडे पाडलेले होते. प्रत्येक वाड्यातल्या पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकायची आणि भर सभेत एका लहान मुलाकडून चिठ्ठी काढवून घ्यायची, असा नियम त्यात कोरलेला आहे. आधीच्या कामाचा हिशेब ज्याने दिलेला नाही त्याचे नावच मडक्यात टाकायचे नाही, आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांचेही नाही! अर्थात या दोन्ही ठिकाणी 'सर्व' म्हणजे सर्व नव्हते. अथेन्समध्ये स्त्रिया आणि गुलाम बाहेर होते. उत्तरमेरूरला जमीन, स्वतःचे घर आणि वेदाध्ययन अशा अटी होत्या. खऱ्या अर्थाने सगळ्यांची नावे मडक्यात पडायला विसावे-एकविसावे शतक उजाडावे लागले.

फ्रान्सच्या सोडतीत मडक्याची जागा टेलिफोनने घेतली. संगणकाने काढलेल्या लाखो दूरध्वनी क्रमांकांवर फोन गेले. जे यायला तयार झाले त्यांच्यातून दीडशे जण असे निवडले, की स्त्री-पुरुष, वय, शिक्षण, व्यवसाय, शहर की खेडे आणि कोणता प्रांत, या सर्व बाबतींत ती सभा देशाची लहानशी प्रतिकृती व्हावी. वयाची अट फक्त सोळा वर्षे पूर्ण, एवढीच. समुद्रापलीकडच्या फ्रेंच प्रदेशांतूनही माणसे आली. कोर्टात ज्यूरीवर बसणाऱ्याला मिळतो तसा दिवसाला सुमारे ८६ युरो भत्ता त्यांना ठरला. ही बाब छोटी वाटली तरी महत्त्वाची आहे. भत्ता नसेल तर फक्त पोट भरलेली माणसे सभेला येतात.

त्यांना प्रश्न घालून दिला तो असा : २०३० सालापर्यंत फ्रान्सचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९०च्या तुलनेत निदान ४० टक्क्यांनी कमी व्हावे, आणि ते सामाजिक न्याय सांभाळून व्हावे, यासाठी काय करायचे? सामाजिक न्यायाची ही अट पिवळ्या जाकिटांची कमाई होती.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी पॅरिसमध्ये पहिली बैठक सुरू झाली. पहिल्याच बैठकीत व्हॅलेरी मासाँ-देलमोत या नामवंत हवामानशास्त्रज्ञ बाईंनी पृथ्वीचे तापमान का आणि किती वाढते आहे ते समजावून सांगितले. सभेच्या संचालक मंडळावर लॉरांस तुबियाना होत्या. २०१५च्या पॅरिस करारात फ्रान्सच्या बाजूने वाटाघाटी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दीडशे जणांचे पाच गट पाडले. राहणे, खाणे, प्रवास, उपभोग, आणि उत्पादन व काम. ही वाटणी मला फार आवडली. 'ऊर्जा क्षेत्र', 'परिवहन क्षेत्र' असे शब्द ऐकले की सामान्य माणूस मागे सरतो. मी राहतो, खातो, जातो-येतो, वस्तू घेतो आणि काम करतो. यात मला समजत नाही असे काय आहे?

शनिवार-रविवार धरून तीन-तीन दिवसांच्या अशा सात बैठका झाल्या. मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर देशभर संप झाला, आगगाड्या बंद पडल्या. पुढे कोविडची टाळेबंदी आली. तरी काम सोडले नाही. शेतकरी, उद्योजक, अर्थतज्ज्ञ, पर्यावरणवादी अशा परस्परविरोधी लोकांना त्यांनी समोर बसवून प्रश्न विचारले. कायद्याच्या भाषेत मसुदा करून द्यायला वकील मंडळी मदतीला होती. २१ जून २०२० रोजी शेवटची बैठक संपली तेव्हा सभेच्या हाती १४९ प्रस्ताव होते.

त्यांतले काही सांगतो. आगगाडीने चार तासांत पोहोचता येते तिथले देशांतर्गत विमान बंद करावे. ज्या घरांतून उष्णता वाया जाते ती सगळी घरे २०४०पर्यंत दुरुस्त करणे सक्तीचे करावे आणि गरिबांना त्यासाठी मदत द्यावी. जड गाड्यांवर जादा कर बसवावा. सर्वांत प्रदूषण करणाऱ्या वस्तूंच्या जाहिराती बंद कराव्यात. निसर्गाचा मोठा विध्वंस हा गुन्हा ठरवावा. द्रुतगती मार्गांवरची वेगमर्यादा ताशी १३० वरून ११० किलोमीटरवर आणावी. वर्षाला एक कोटी युरोंहून अधिक लाभांश वाटणाऱ्या कंपन्यांकडून चार टक्के घ्यावेत.

आता 'सामान्य माणसाला काय कळते?' असे म्हणणाऱ्यांनी पाहावे. आठवड्याचे कामाचे तास ३५ वरून २८ करावेत असाही एक प्रस्ताव सभेपुढे आला होता. कोणालाही हवासा वाटेल असा. सभेने तो मोठ्या बहुमताने फेटाळला. उलट वेगमर्यादेचा प्रस्ताव लोकांना आवडणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, कारण २०१८ साली लहान रस्त्यांवरची मर्यादा ८० केली होती तेव्हाही देशभर चिडचिड झालीच होती. तरी साठेक टक्क्यांनी तो मंजूर केला. सोपे ते घेतले आणि कडू ते टाळले, असे त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही. एका बाबतीत मात्र ते कचरले. इंधनाचा कर, ज्यावरून सगळे सुरू झाले, त्याला त्यांनी हातच लावला नाही.

२९ जून २०२० रोजी मॅक्रॉन यांनी या दीडशे जणांना आपल्या प्रासादाच्या बागेत बोलावले. आदल्याच दिवशी नगरपालिकांच्या निवडणुकांत पर्यावरणवादी पक्षाने मोठ्या शहरांत बाजी मारली होती. अध्यक्षांनी १४९ पैकी १४६ प्रस्ताव स्वीकारल्याचे सांगितले. पत्त्यांच्या डावातला जोकर वापरावा तसे तीन त्यांनी बाजूला काढले : वेगमर्यादा, लाभांशावरचे चार टक्के, आणि घटनेच्या सरनाम्यातील बदल. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली.

त्यानंतर गाळणी आली. एकदम नाही, एकेक जाळी लावत आली. मंत्रालयांत बैठका झाल्या, उद्योगांची शिष्टमंडळे भेटून गेली. चार तासांच्या आगगाडीचे अडीच तास झाले. घरदुरुस्तीची सर्वंकष सक्ती जाऊन तिच्या जागी सर्वांत वाईट घरे भाड्याने देण्यावर टप्प्याटप्प्याने बंदी आली. सर्व प्रदूषक वस्तूंच्या जाहिरातींऐवजी फक्त खनिज इंधनांच्या जाहिरातींवर बंदी आली. डिसेंबर २०२०मध्ये एका मुलाखतीत मॅक्रॉन चिडून म्हणाले, की दीडशे नागरिकांनी काही लिहिले म्हणजे ते काही बायबल किंवा कुराण होत नाही. बरोबरच आहे. पण गाळणी लावणार नाही, हे त्या दीडशे जणांनी स्वतः होऊन म्हटले नव्हते.

फेब्रुवारी २०२१मध्ये सभा शेवटची भरली. आपल्या प्रस्तावांचे सरकारने काय केले याला गुण द्यायचे होते. मी आयुष्यभर गुण देण्याचे काम केले आहे, म्हणून ही बातमी वाचताना मला गंमतही वाटली आणि वाईटही. सरासरी निघाली दहापैकी ३.३. सरकारच्या निर्णयांमुळे ४० टक्क्यांचे उद्दिष्ट जवळ येईल का, या प्रश्नाला तर २.५. आपल्याकडे पस्तीस टक्क्यांना पास करतात; त्या हिशेबानेही सरकार नापास.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला. पर्यावरणरक्षणाचे कलम घटनेत घालण्यासाठी सार्वमत घेऊ असे सांगितले होते, ते मात्र झाले नाही. राज्य पर्यावरणाची 'हमी देते' म्हणायचे की तो 'जपते' म्हणायचे, अशा एका क्रियापदावरून संसदेच्या दोन सभागृहांचे जमले नाही आणि जुलै २०२१मध्ये तो विषय मिटवण्यात आला. योगायोग असा, की त्याच महिन्यात देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारला बजावले, की सध्याच्या उपायांनी ४० टक्क्यांचे उद्दिष्ट गाठले जाणार नाही, जादा उपाय करा. नागरिकांनी चार महिन्यांपूर्वी गुणपत्रिकेत नेमके हेच लिहिले होते. विमानबंदीचा आदेश मे २०२३मध्ये निघाला. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून सुटणाऱ्या तीन मार्गांपुरता तो लागू झाला : बोर्दो, नाँत आणि लियाँ. तिन्ही मार्गांवरची विमाने आधीच थांबलेली होती.

मग हा प्रयोग फसला असे म्हणायचे का? निकाल देण्याआधी शेजारच्या आयर्लंडकडे एक नजर टाकू. तिथे २०१६ साली ९९ सामान्य नागरिक आणि अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती मेरी लाफॉय अशी नागरिक सभा नेमली गेली. गर्भपाताच्या अवघड प्रश्नावर तिने आधी विचार केला, आणि २०१८च्या सार्वमतात जनतेने ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी घटनेतली बंदी उठवली. हवामानाचा विषय तिच्यापुढे २०१७च्या शरदात फक्त दोन शनिवार-रविवार होता. तेवढ्यात तिने १३ शिफारशी केल्या आणि सर्व ८० टक्क्यांवर मतांनी केल्या. ज्या कार्बन कराने फ्रान्स पेटला, तोच कर जास्त भरायला आम्ही तयार आहोत असे या सभेतल्या ८० टक्के लोकांनी सांगितले. अट एवढीच, की वाढ हळूहळू व्हावी, पैसा हवामानाच्याच कामी लागावा आणि सर्वांत गरिबांवर बोजा पडू नये.

तिथे सरकारने 'जसेच्या तसे लागू करू' असे वचन दिलेच नव्हते. वचन इतकेच, की संसद अहवालावर विचार करील आणि उत्तर देईल. ते पाळले गेले. संसदेची खास समिती बसली, तिने मार्च २०१९मध्ये आपला अहवाल दिला, जूनमध्ये सरकारचा आराखडा आला आणि २०२१मध्ये कायदा झाला. २०३०पर्यंत उत्सर्जन २०१८च्या मानाने ५१ टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन त्याने घातले. सगळे मानले गेले असे नाही. शेतीतल्या उत्सर्जनावर कर बसवावा ही शिफारस, ८९ टक्के मते मिळूनही, बाजूला राहिली. उद्दिष्ट गाठणेही सोपे नाही. पण आपल्याला बोलावून फसवले, असे त्या नव्व्याण्णव जणांना वाटण्याचे कारण उरले नाही.

दोन्ही सभांतली माणसे सारखीच होती. तिथेही आजीबाई, ट्रकवाले, दुकानदार, विद्यार्थी, इथेही तेच. फरक पडला तो बोलावणाऱ्याच्या शब्दात. एकाने आभाळाएवढा शब्द दिला आणि तो मोडला. दुसऱ्याने बेताचा दिला आणि पाळला.

सामान्य माणसावर अविश्वास दाखवणाऱ्यांचेही एक म्हणणे ऐकायला हवे. मुंबईतला १९५९चा नानावटी खटला जुन्या वाचकांना आठवत असेल. वर्तमानपत्रांनी इतके रान उठवले होते, की ज्यूरीने नानावटींना निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाला तो निकाल फिरवावा लागला. पुढे आपल्याकडची ज्यूरीची पद्धतच गेली. सोडतीने आलेली माणसे भावनेच्या भरात वाहून जातात, असे तेव्हापासून आपण धरून चाललो आहोत. ही भीती खोटी नाही. म्हणूनच फ्रान्स आणि आयर्लंडमधल्या व्यवस्थेकडे नीट पाहावे. तिथे माणसांना दोन्ही बाजू ऐकवल्या, कागद वाचायला दिले, शंका विचारू दिल्या आणि मधल्या काळात घरी जाऊन विचार करायला वेळ दिला. वर्गात काय वेगळे करतो आपण? सात बैठकांत कोणी शास्त्रज्ञ होत नाही हे खरे. पण कोणते दुःख कोणाच्या वाट्याला टाकायचे, हा प्रश्न शास्त्राचा नाहीच. तो ज्याला सोसायचे आहे त्यालाच विचारावा लागतो.

आपल्याकडे अशा सोडतीच्या सभा नाहीत, पण विचारण्याच्या जागा आहेत. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार सदस्य असतो. खाण किंवा औष्णिक वीज केंद्र यांसारख्या मोठ्या प्रकल्पांपूर्वी पर्यावरणाची जनसुनावणी होते. तिथे लोकांचे म्हणणे लिहून घेणे बंधनकारक आहे, मानणे नाही. हेही समजण्यासारखे आहे, प्रत्येक म्हणणे मानता येत नाही. मात्र जे मानले नाही ते का मानले नाही, हे त्याच गावात त्याच मांडवाखाली परत येऊन कोणी सांगितले, असे किती वेळा होते?

फ्रान्सने या प्रयोगानंतर नागरिक सभा बंद केल्या नाहीत. असाध्य रोग्याला मरण मागण्याचा अधिकार असावा का, या प्रश्नावर डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२३ या काळात सोडतीने निवडलेल्या १८४ जणांची सभा तिथे भरली. म्हणजे कटू अनुभवानंतरही बोलावणारे होते आणि येणारेही होते. सरकारला ३.३ गुण देणाऱ्या त्या दीडशे जणांनीही अशा सभा पुन्हा भरवू नका असे म्हटले नव्हते. त्यांची तक्रार सभेबद्दल नव्हती, सभेनंतरच्या वागणुकीबद्दल होती.

हवामानाच्या बाबतीत पुढची वर्षे सोपी नाहीत. पाणी, पिके, घरे, प्रवास या सगळ्यांत कोणाला ना कोणाला काही सोडावे लागणार आहे. न विचारता सोडायला लावले तर काय होते ते त्या नोव्हेंबरातल्या शनिवारी दिसले. विचारून मग दुर्लक्ष केले तर पुढच्या वेळी फोन आल्यावर माणसे 'हो' म्हणतील का, याची मला जास्त चिंता वाटते. उत्तरमेरूरच्या त्या भिंतीवर हिशेब न देणाऱ्याचे नाव मडक्यात टाकू नये असे कोरले आहे. आजच्या काळात तो नियम निवडल्या जाणाऱ्यांइतकाच निवडून बोलावणाऱ्यांनाही लावायला हरकत नाही.